फ्रेझल व्हर्ब आणि क्रियाविशेषणाची जागा

फ्रेझल व्हर्ब म्हणजे 'टर्न ऑफ' सारखी, क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द यांची इंग्रजीतली जोडी. अशा वाक्यात क्रियाविशेषण कुठे घालायचे, हा गोंधळ वाचकांच्या पत्रांतून इतक्यांदा येतो की त्यातले काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : 'टर्न ऑफ इट' म्हटलेले चालेल का?

उत्तर : नाही. कर्म सर्वनाम असेल तर 'टर्न इट ऑफ' असेच म्हणावे.

प्रश्न : 'कम्प्लीटली गेव्ह अप' की 'गेव्ह अप कम्प्लीटली'?

उत्तर : दोन्ही बरोबर.

प्रश्न : क्रियापद आणि त्याला जोडलेला शब्द यांच्यामध्ये क्रियाविशेषण कधीच येत नाही, असे क्लासमध्ये सांगितले. मग 'ही लुक्ड केअरफुली ॲट द फोटो' चूक आहे का?

उत्तर : वाक्य निर्दोष आहे. ऐकीव नियमातला 'कधीच' हा शब्दच विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान करतो. 'लुक ॲट' मधला 'ॲट' पुढच्या नामाशी बांधलेला असतो, म्हणून त्याच्या आधी 'केअरफुली' बसते. 'लुक अप', म्हणजे शब्दकोशात शोधणे, यातला 'अप' मात्र क्रियापदाला धरून असतो, त्यामुळे 'शी लुक्ड केअरफुली अप द वर्ड' हे चूक आणि 'शी केअरफुली लुक्ड अप द वर्ड' किंवा 'शी लुक्ड द वर्ड अप केअरफुली' ही बरोबर. शंका आली की कर्माच्या जागी 'इट' घालून पाहावे : 'लुक ॲट इट', पण 'लुक इट अप'. जिथे 'इट' मध्ये शिरते, तिथे क्रियापदानंतर लगेच 'केअरफुली' घालू नये. मात्र 'राइट' आणि 'स्ट्रेट' यांसारखे मोजके शब्द तिथेही चालतात, जसे 'पुट इट राइट बॅक' किंवा 'शी केम स्ट्रेट बॅक'. तरीही प्रत्येक क्रियापद चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, तपासावे. तिथे कर्माची जागा दाखवणारे 'समथिंग' कुठे छापले आहे, ते आधी पाहावे.

प्रश्न : आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा महिन्यावर आली आहे. सात दिवसांत पाचशे फ्रेझल व्हर्ब पाठ करून घेणारा कोर्स घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. अशा यादीत 'टेक ऑफ' पुढे एकच अर्थ लिहिलेला असतो; पण 'द प्लेन टूक ऑफ' मध्ये कर्मच नाही आणि 'टेक युवर शूज ऑफ' मध्ये ते मधोमध आहे. ही रचना विकत घेतलेल्या यादीतून कळत नाही, वाक्ये लिहून कळते. ती आजच लिहायला घ्या आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्याची वाट न पाहता जाणत्या शिक्षकांकडून तपासून घ्या.