सिनियर जॅझ वादकांसोबत पहिल्यांदाच गिग आहे, मी गिटार वाजवतो. काय सांभाळू?

सोलोचं टेन्शन आधी सोडा, तिथे तुम्ही त्यांना मागे टाकावं अशी कुणाची अपेक्षाच नाहीये. पण फॉर्म (ट्यूनचा ठरलेला, पुन्हा पुन्हा फिरणारा साचा) हरवलात तर स्टेजवर सगळ्यांना लगेच कळतं. बऱ्याचशा ट्यून 12 बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) ब्लूज नाहीतर 32 बारच्या असतात, तर दुसऱ्याचा सोलो चालू असताना मूळ मेलडी मनात गुणगुणत राहायची, मग बार मोजत बसावं लागत नाही आणि ब्रिज (ट्यूनमधला वेगळा मधला भाग) आला की आपोआप कळतं.

इशारे पाठ करून जा. कुणी स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं की मेन मेलडीवर परत यायचं, चार बोटं म्हणजे ड्रमरसोबत चार-चार बार आलटूनपालटून, आणि ट्यून सुरू व्हायच्या आधी दोन बोटं खाली केली तर स्केल बी फ्लॅट, तीन खाली तर ई फ्लॅट (हे कुणी थांबून समजावत नाही हं).

बँडमध्ये पियानो असेल तर दोघं एकदम कॉर्ड वाजवू लागलात की नुसता चिखल होतो, त्यामुळे पियानोच्या सोलोला सरळ हात खाली, आणि बेसच्या सोलोला दोन-तीन सुरांचे हलके कॉर्ड, तेही अधूनमधून.

पुढे जॅझचा दिग्गज सॅक्सोफोन वादक झालेला चार्ली पार्कर पोरसवदा असताना कॅन्सस सिटीत जॅमला (आयत्या वेळी एकत्र वाजवायच्या बैठकीला) गडबडला तेव्हा ड्रमर जो जोन्सने त्याच्या पायाशी झांज फेकली होती, तुमच्यावर एवढी वेळ येणार नाही. फक्त ट्यूनची लिस्ट आजच मागून घ्या, स्केलसकट.