फिरणारा, तरीही न बदलणारा अवकाशकाल

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

वस्तू फिरत असेल तर तिच्याभोवतीचा अवकाशकालही क्षणाक्षणाला बदलायलाच हवा, हा तुझा आक्षेप साहजिक आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. अगदी वाटोळा भोवरा एका जागी एकसारखा फिरत असेल, तर तो केव्हाही पाहिला तरी तसाच दिसतो. त्याच्या अंगावर खडूने ठिपका काढला, तरच एक क्षण दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. गुरुत्वीय क्षेत्राच्या बाबतीत हा ठिपका म्हणजे अक्षाभोवतीची विषमता. ती असेल तर फिरणारी वस्तू गुरुत्वीय लहरी सोडते आणि क्षेत्र खरोखरच बदलत राहते. नसेल तर परिवलन चालू असूनही क्षेत्र जसेच्या तसे राहते.

फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या अवकाशकालासाठी रॉय केर यांनी १९६३ मध्ये मांडलेली आइनस्टाइनच्या समीकरणांची उकल बॉयर-लिंडक्विस्ट निर्देशकांत (या उकलीसाठी सोयीच्या निर्देशकांत) लिहून मेट्रिकचा, म्हणजे अवकाशकालातली अंतरे ठरवणाऱ्या सूत्राचा, एकेक घटक स्वतः तपास. एकाही घटकात काळ सापडणार नाही, म्हणून हा अवकाशकाल स्टेशनरी, म्हणजे काळानुसार न बदलणारा. मात्र काळ आणि अक्षाभोवतीचा कोन यांचा मिश्र घटक शून्य नाही. काळ उलटा केला की त्याचे चिन्ह बदलते, म्हणजे परिवलनच उलटे होते. म्हणून हा अवकाशकाल स्टॅटिक, म्हणजे काळ उलटा केला तरी तसाच राहणारा, नाही.

फिरत्या चौकटीत जाऊन हा मिश्र घटक घालवावा, असे तुला वाटेल, सगळ्यांनाच वाटते. करून पाहा. सगळीकडे एकच कोनीय वेग घेतलास तर तो सर्वत्र नाहीसा होणार नाही, कारण परिवलनाची ओढ, म्हणजे फिरत्या वस्तूने भोवतीचा अवकाशकाल आपल्याबरोबर ओढणे, दूरवर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. जागोजागी वेगळा वेग घेतलास, तर उरलेल्या घटकांत काळ शिरेल. पृथ्वीच्या परिवलनाची ही ओढ मोजलीही गेली आहे: २००४ मध्ये सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहावरील जायरोस्कोपांच्या अक्षाच्या वळण्यातून ती वर्षाला सुमारे ३७ मिलिआर्कसेकंद (अंशाच्या ३६००व्या भागाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिआर्कसेकंद) दिसली, सिद्धांताचे भाकीत ३९च्या आसपास होते.

एर्गोस्फिअरकडे, म्हणजे फिरत्या कृष्णविवराच्या घटनाक्षितिजाबाहेरील (जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेबाहेरील) पट्ट्याकडे, मात्र हे गणित हातात बसल्यावरच वळ. तिथे काळाचा किलिंग सदिश (ज्या दिशेने सरकले तरी मेट्रिक बदलत नाही ती काळाची दिशा) अवकाशसदृश होतो, म्हणजे काळाऐवजी अवकाशातल्या दिशेसारखा वागतो, कितीही जोर लावला तरी कोणी जागच्या जागी उभे राहू शकत नाही, आणि तरीही मेट्रिकच्या घटकांत काळ येत नाहीच. स्टॅटिक अवकाशकालात हा सदिश जिथे शून्यलांबीचा होतो तेच घटनाक्षितिज असते, फिरत्या अवकाशकालात मात्र हे दोन पृष्ठभाग वेगळे पडतात, आपले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९६८च्या शोधनिबंधात याचीच चिकित्सा केली आहे. तो मिळवून वाच आणि केरच्या विषुववृत्तावर दोन्ही त्रिज्या स्वतः काढून मला कळव.