ढग आले की छातीत धडधडतं

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आम्ही दिंडोरी तालुक्यातले, साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस लागला, डावणी रोगाने घडच्या घड गेले, कर्ज तसंच डोक्यावर राहिलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की छातीत धडधडतं, रात्री तीन-तीनदा उठून अंगणात जाऊन ढग बघते. प्रार्थनेला बसले तर दोन वाक्यांपुढे जात नाही. आमच्या प्रार्थना ग्रुपमध्ये हे बोलले तर एकजणी म्हणाल्या, भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा, योहानाच्या पत्रातच लिहिलंय की पूर्ण प्रीती भीती घालवून देते. त्या दिवसापासून मी ग्रुपला जायचं सोडलं. माझा विश्वास संपलाय का?
— एक बहीण, दिंडोरी

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. नाही, संपलेला नाही. संपला असता तर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं.

आधी त्या वचनाचं बघू, कारण ते तुम्हाला फार लागलंय. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पुन्हा काढा आणि १७ आणि १८ ही दोन्ही वचनं जोडून वाचा. तिथे न्यायाच्या दिवसाचं चाललंय, शिक्षेच्या भीतीचं. देव मला टाकून देईल ही भीती प्रीतीने जाते असं योहान सांगतोय, पावसाने बाग जाईल या काळजीबद्दल तो बोलतच नाहीये. आणि दावीद ५६व्या स्तोत्रात काय म्हणतो? मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती गेल्यावर ठेवीन असं नाही म्हणत हो, वाटेल तेव्हाच! पलिष्ट्यांच्या हातात सापडला होता तो तेव्हा. म्हणजे भीती आणि भरवसा एकाच छातीत, एकाच वेळी.

आता तुमच्या बागेकडे येते. माझं माहेर निफाडचं, वडिलांची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग होती. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मला लहानपणी रडू यायचं, कारण हिरवागार मांडव एका दिवसात उघडा पडायचा, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांद्या, आणि तारा, वर तळपतं ऊन, आणि कापलेल्या टोकातून टप टप पाणी गळायचं. मी एकदा वडिलांना म्हणलं वेल मेला. ते म्हणाले, पुढच्या वर्षीचा घड आत्ता धरायचाय. ते तेव्हा काही कळलं नाही, पण तुम्हाला तर हे माहितीच आहे की छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, उन्हाळ्यातच, नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तर फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या लॅबला नेऊन डोळा मायक्रोस्कोपखाली बघून घेतात ना, कितव्या डोळ्यात घड आहे ते. तुमची ती दोन वाक्यांची प्रार्थना मला तशीच वाटते. आत काय धरलंय ते तुम्हाला आज दिसणार नाही, आणि ग्रुपमधल्या त्या बाईंनाही नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. तो पाऊस म्हणजे देवाने केलेली छाटणी होती असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, मी तरी कधीच म्हणणार नाही. छाटणी माळी करतो, वेलीजवळ उभा राहून, एकेक काडी हातात धरून. अवकाळीला काडी कळत नाही.

आणि बघा, "मी खरा द्राक्षवेल" हे प्रभूने कधी सांगितलं? पकडून नेलं त्याच रात्री. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो अतिशय व्याकूळ झाला, पेत्र, याकोब, योहान या तिघांना म्हणाला इथे थांबा, जागे राहा, आणि मग तीच प्रार्थना त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा केली. त्यालासुद्धा सोबत हवी होती आणि नवे शब्द शोधायची गरज वाटली नाही, मग तुम्ही दोन वाक्यांची लाज का बाळगताय? तीच दोन रोज म्हणा.

घाई पण करू नका. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांना तिथवर यायला १९०० साल उजाडलं. पाच वर्षं! त्या वर्षांत देव त्यांच्याशी बोलत नव्हता असं कोण म्हणेल?

आता रात्रीचं. अंगणात जायचंच असेल तर एकटं जाऊ नका, यजमानांना उठवा, त्यांनाही झोप लागत नसणारच, फक्त ते बोलत नसतील. कर्जाचा आकडा दोघांनी मिळून वहीत लिहा, कारण मनातला आकडा रात्री वाढतो. बँकेत, सोसायटीत दोघं सोबत जा, हप्ते पुढे ढकलता येतील का ते विचारा. आणि धडधड, झोप न येणं असंच चालू असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा, बीपीची गोळी घेताना आपण विश्वास मोजत नाही ना, मग इथेही नको. ग्रुपचं म्हणाल तर परत जायची सक्ती नाही, पण एक तरी बहीण निवडा जिला रात्री मेसेज टाकता येईल.

प्रश्न : मी जळगावकडचा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी लागली. नाइट शिफ्टमुळे रविवारची उपासना चुकते, गावची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सुटली, विश्वास पण सुटेल अशी भीती वाटते.
— एक तरुण वाचक, सिडको

उत्तर : बाळा, एखाद्या रविवारी कॉलेज रोडवरून शरणपूरला चक्कर मार. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे मिशनच्या आसऱ्याला होती, शिकली. त्यांच्यातलाच, नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट पुढे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनसोबत आफ्रिकेत होता आणि १८७४ मध्ये त्यांचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. घर सुटलेली माणसं या गावात आधीपासून आहेत. तुझ्या रूमजवळच्या पाळकांना फोन करून सरळ विचार की संध्याकाळची किंवा मधल्या वारी प्रार्थना कुठे असते, बऱ्याच मंडळ्यांत असते. आणि शिफ्टला निघताना १२१वं स्तोत्र वाच, आठच वचनं आहेत, बस येईपर्यंत होतात. त्यात म्हटलंय की तुझा राखणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही. पहिला पगार झाला की आईला फोन कर आणि गावच्या पाळकांना पण.