पॅड पिळू नकोस रे
अरे, गाडीच्या पॉलिशचं काम संपलं की मशीनचा फोमचा पॅड तसाच डिकीत टाकून पोहे खायला पळू नकोस. त्यातलं कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, वाळलं की त्याचा दगड होतो. लगेच कोमट पाण्यात जरासा सौम्य साबण घाल आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा, पांढरं पाणी थांबेपर्यंत. पिळायचं मात्र नाही, फोम फाटतो. कढत पाण्याने पॅडच्या पाठीवरच्या, मशीनला चिकटणाऱ्या वेल्क्रोचा गोंद सुटतो. उन्हाचंही तेच. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर मी दोन पॅड वाळत घातले. संध्याकाळी वेल्क्रो पापुद्र्यासारखा हातात आला. नवे आणायला पुन्हा सियागंज बाजारातली गर्दी! टॉवेलात दाबून पाणी टिप, मग सावलीत जाळीवर ठेव: फोम खाली, वेल्क्रो वर. ओलसर पॅड पिशवीत कोंबलास तर कुबट वास धरतो.