बाबांना पार्किन्सन्स आहे, उपचार नागपुरातच सुरू आहेत. मेंदूतल्या काळ्या रंगद्रव्यामुळे प्रथिनांच्या गुठळ्या वाढतात की थांबतात?

दोन्ही होऊ शकतं. रंगद्रव्य किती साठलंय आणि पेशी शाबूत आहे का, यावर बरंचसं ठरतं. मी इथे नागपुरात मेडिकलच्या मुलांना पॅथॉलॉजी शिकवतो. मध्यमेंदूचा आडवा काप घेतला की दोन्ही बाजूंना काळसर पट्टी नुसत्या डोळ्यांनी दिसते. पार्किन्सन्सच्या मेंदूत तीच पट्टी फिकी पडलेली असते, कारण त्या काळ्या पेशीच मेलेल्या असतात. हा रंग न्यूरोमेलॅनिनचा. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं ऑक्सिडेशन होऊन तो बनतो आणि लोह धरून ठेवतो, म्हणून आधी तो पेशीला सांभाळतोच. पण वयाबरोबर साठत जातो. उंदरांच्या मेंदूत तो जवळपास नसतो; 2019 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी तो मुद्दाम तयार करवला, तेव्हा साठा एका मर्यादेपलीकडे गेल्यावर माणसातल्या ल्युई बॉडीसारखे (म्हणजे पार्किन्सन्समध्ये पेशीत दिसणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्यांसारखे) पुंजके दिसले आणि हालचालीही बिघडल्या. शिवाय मेलेल्या पेशीतून बाहेर पडलेले कण आजूबाजूला दाह वाढवतात.

याउलट, याच रंगद्रव्याच्या धर्तीवर डोपामिनपासून बनवलेले पॉलिडोपामिनचे सूक्ष्म कण प्रयोगशाळेत प्रथिनांना चिकटून त्यांचे तंतू बनण्यात अडथळा आणतात. मला हे संशोधन फार आशादायक वाटतं. मात्र ते अजून औषध झालेलं नाही. तेव्हा ‘मेलॅनिन’ नावाने विकलं जाणारं काहीही बाबांना देऊ नका, आणि चालू गोळ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय अजिबात थांबवू नका.