28व्या वर्षी विंगरला राइट बॅक खेळायला सांगितलं म्हणजे करिअर संपत आलं का?

तुम्ही विचारलंय की इतकी वर्षं फुटबॉलमध्ये राइट विंगर (उजव्या कडेने हल्ला करणारा) म्हणून खेळलात, आता 28व्या वर्षी नवीन कोच राइट बॅक (उजव्या कडेचा डिफेंडर) खेळ म्हणतोय, तर क्लबला तुम्ही नकोसे झालात असं समजायचं का, आणि ही पोझिशन अंगवळणी पडायला किती वेळ लागतो. मी नेमका याच्यातून गेलोय, विंगर ते राइट बॅक, तेव्हा मी 27 चा होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं असं की पायांना फार वेळ लागत नाही, डोळ्यांना लागतो.

माझी राइट बॅक म्हणून पहिली मॅच सांगतो. पहिल्या हाफमध्ये बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला होता, समोरच्या टीमच्या राइट विंगरकडे, आणि मी छाती पूर्ण बॉलकडे करून उभा होतो. त्याने मागच्या, म्हणजे लांबच्या गोलपोस्टवर उंच क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला पास) टाकला, मी मान वर करून बॉल बघतोय तोवर माझ्या पाठीमागून त्यांचा लेफ्ट विंगर आला आणि हेडर मारून गोल करून गेला. तो मला दिसलाच नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं कारण विंगर असताना मी वर्षानुवर्षं हेच केलं होतं, फुलबॅक (कडेचा डिफेंडर) बॉलकडे बघत बसला की त्याच्या आंधळ्या बाजूने आत घुसायचं, आणि आता मीच तसा उभा होतो. हाफ टाइमला आमचा सेंटर बॅक (मधला डिफेंडर) शेजारी येऊन बसला, ओरडला वगैरे काही नाही, फक्त म्हणाला, "तिरका उभा राहा रे, एका खांद्यासमोर बॉल आणि दुसऱ्या खांद्यासमोर माणूस, आणि बॉल हवेत असायच्या आधी मागे बघ, नंतर नाही." त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने काम केलं.

विंगरचं बघणं वेगळं असतं हो. विंगरला बहुतेक सगळं समोर दिसतं, फुलबॅक, त्याच्या मागची मोकळी जागा, गोल. मागे काय चाललंय याची फार चिंता नसते, बॉल गेला तरी मागे चार जण आणि गोलकीपर आहेत. राइट बॅकला टचलाइनचा आधार आहे, एक बाजू बंद असते, पण त्याला आपला विंगर, समोरचा विंगर, शेजारचा सेंटर बॅक आणि डिफेन्सची लाइन असं सगळं एकदम बघावं लागतं. लाइनचं तर मला सगळ्यात जड गेलं. बाकीचे तिघं एक पाऊल पुढे सरकले आणि मी जागेवरच राहिलो की त्यांचा स्ट्रायकर ऑफसाइड नसतो, म्हणजे त्याला मोकळं रान मिळतं, एवढी साधी गोष्ट, पण दमलेलं असताना ती सुटतेच.

शरीराचंही सांगायला हवं. विंगर म्हणून स्प्रिंट मारायची सवय असते पण ती पुढच्या दिशेने, इथे उलटं पळायचं आणि पळता पळता कंबर वळवून मागे धावायचं, त्यामुळे पहिले दीड महिना माझ्या जांघेचे स्नायू सतत धरायचे. फिजिओला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की पोझिशन बदलतेय, व्यायाम त्याप्रमाणे बदलून देतात. मी सांगितलं नव्हतं आणि दोन मॅच बाहेर बसलो.

आता नकोसं होण्याबद्दल. मोठ्या खेळाडूंचं बघितलं तर बरेचदा कारण असं असतं की त्याची मूळ जागा दुसऱ्याने भरलेली असते आणि कोचला तो माणूस तरीही मैदानात हवा असतो. इटलीचा मिडफिल्डर पिर्लो 2001 मध्ये लोनवर (तात्पुरता) ब्रेशिया क्लबात गेला तेव्हा त्याच्या दहा नंबरच्या (स्ट्रायकरच्या मागच्या) जागेवर साक्षात बाजिओ खेळत होता, म्हणून कोच मॅझोनेने त्याला मागे डिफेन्सच्या पुढ्यात आणलं आणि त्याच जागेवरून त्याने पुढे 2006 चा वर्ल्ड कप जिंकला. अर्जेंटिनाचा माशेरानो, डिफेन्सच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर, 2010 मध्ये बार्सिलोनात आला तर तिथे त्याच्या जागेवर बुस्केट्स होता. तो सेंटर बॅक झाला, उंची फक्त 1.74 मीटर, आणि पुढच्याच वर्षी वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगची फायनल सेंटर बॅक म्हणून खेळून जिंकला. या दोघांना नको म्हणून कुणी हलवलं असं म्हणता येईल का?

तुमच्या बाबतीत वयाचं जास्त जवळचं उदाहरण म्हणजे व्हॅलेन्सिया, विंगर होता, मँचेस्टर युनायटेडमध्ये राइट बॅक झाला आणि त्याच जागेवर खेळत क्लबचा कॅप्टन झाला. ॲशली यंग पण विंगरच, तो 34व्या वर्षी इटलीतल्या इंटर क्लबला गेला आणि 2020-21 ला विंग बॅक (फुलबॅक आणि विंगर दोघांचं काम) खेळत इटलीची लीग जिंकला. क्रिस्टल डनचं तर मला फारच कौतुक वाटतं, 2015 ला ती अमेरिकेच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारी फॉरवर्ड होती आणि 2019 चा वर्ल्ड कप तिने लेफ्ट बॅक म्हणून जिंकला.

पण मला सगळ्यात जास्त शिकवणारा जोएलिंटन वाटतो. न्यूकॅसलने 2019 मध्ये 4 कोटी पाऊंड देऊन त्याला स्ट्रायकर म्हणून घेतलं आणि पहिल्या सीझनला लीगमध्ये त्याचे गोल किती, तर 2. लोकांनी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. मग नोव्हेंबर 2021 मध्ये नॉर्विचविरुद्ध नवव्या मिनिटालाच न्यूकॅसलच्या डिफेंडरला रेड कार्ड मिळालं, दहा जण राहिले, म्हणून हा मिडफिल्डमध्ये खाली आला आणि जो सुटला तो सुटलाच. अंगाला अंग भिडवायचं, गोलपासून लांब येऊन बॉल मागायचा, स्ट्रायकर म्हणून ज्या सवयी खोट वाटत होत्या त्याच मिडफिल्डरचा गुण ठरल्या, आणि 2023 मध्ये तो ब्राझीलकडून खेळला.

तर तुमच्या कोचने तुमच्यात काय बघितलं ते त्यांनाच सरळ विचारा. कुणीतरी जखमी आहे तोवरच खेळायचंय की पूर्ण सीझन, हेही विचारा, कारण दोन महिन्यांची तात्पुरती सोय असेल तर मी स्वतः इतकी मेहनत घेणार नाही आणि तुम्हालाही तेच सांगेन. आणि करारात गोल-असिस्टवर बोनस असेल तर आत्ताच एजंटला बोलायला लावा, राइट बॅकला ते आकडे गाठणं फार कठीण असतं, तिथे मॅचेस किंवा क्लीन शीटवर (टीमने एकही गोल न खाल्लेल्या मॅचवर) बोनस मागायचा.

तुमच्याकडे एक गोष्ट मात्र अशी आहे जी जन्मभर डिफेंडर असलेल्यांकडे नसते. विंगर आत वळायच्या आधी एकदा खाली बॉलकडे बघतो आणि छोटा टच घेतो, लाइनवरून जाणार असेल तर टच लांब जातो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी स्वतः तसंच करायचो. त्यामुळे टॅकलला उडी न मारता नुसतं थोपवून धरायचं आणि तो खाली बघायची वाट बघायची, हे मला लवकर जमलं. तुमच्या स्वतःच्या जुन्या मॅचेसचे व्हिडिओ काढा आणि त्यात समोरच्या फुलबॅकला बघा, तो तुम्हाला कधी अडवू शकला आणि कधी नाही, मला त्याचा फार उपयोग झाला. रोज ट्रेनिंग संपल्यावर वीस मिनिटं सेंटर बॅकला थांबवून घ्यायचं, लांबच्या बाजूने क्रॉस टाकून घ्यायचे.

वेळ म्हणाल तर मला साधारण पाच महिने लागले. एका बाहेरच्या मॅचला परत तसाच उंच क्रॉस आला, मागच्या पोस्टवर, आणि मी तिरका उभा होतो, मागे बघून झालेलं होतं, कधी बघितलं ते माझं मलाच आठवत नव्हतं. हेडर मारून बॉल कॉर्नरला घालवला. सेंटर बॅक काहीच बोलला नाही, कॉर्नरसाठी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.