बाटली भरलेलीच परत येते

“काय झालं विचारलं की म्हणते, काही नाही. आता तुम्हीच बघा,” असं म्हणत भांडुपहून एक आई नववीतल्या लेकीला घेऊन आली. मूल शाळेतलं काही सांगतच नाही, ही पालकांची काळजी माझ्या ओळखीची. या मुलीचं रोज दुपारी डोकं दुखायचं आणि पाण्याची बाटली भरलेलीच घरी यायची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“शाळेत काय त्रास आहे?” असं मी तिला विचारलंच नाही. कागद दिला, शाळेचा नकाशा काढायला सांगितला आणि जिथे जावंसं वाटत नाही तिथे फुली मारायला सांगितली. फुली पडली मुलींच्या स्वच्छतागृहावर. दाराची कडी तुटलेली. आत गेलं की मैत्रिणीने बाहेरून दार धरून ठेवायचं. त्यापेक्षा पाणीच नको.

“कुणाला सांगितलंस का?”

बराच वेळ ती पेन्सिल फिरवत राहिली. मग म्हणाली, “आठवीत सूचनापेटीत चिठ्ठी टाकली होती. बाईंनी वर्गात वाचली आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? सगळी मुलं हसली.”

म्हणजे ही मुलगी बोलली होती. तिच्या बोलण्याचं पुढे काय झालं ते पाहून तिने तोंड मिटलं. घरी ‘काही नाही’ म्हणायची सवय तिथूनच लागली.

आईच्या आणि तिच्या संमतीने मी वर्गशिक्षिकांना भेटले. बाई मनापासून शिकवणाऱ्या. त्यांचीही भीती खरी होती: “विचारायला लागलं की मुलं डोक्यावर बसतात हो.” मी त्यांना बालहक्क संहितेचं बारावं कलम दाखवलं. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये मंजूर केलेली ही संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकावं आणि वय व समज पाहून त्याला योग्य वजन द्यावं, असं ते कलम सांगतं. मूल म्हणेल तसंच करा, असं त्यात कुठेही नाही. लॉरा लंडी या संशोधिकेने २००७ मध्ये या कलमाची उकल करताना चार गोष्टी मांडल्या: बोलायला सुरक्षित जागा, बोलायला मदत, ऐकणारं जबाबदार माणूस आणि त्या बोलण्याचा निर्णयावर परिणाम. पेटीने पहिली गोष्टसुद्धा दिली नव्हती.

बाईंनी शुक्रवारचा शेवटचा तास यासाठी ठेवला. चिठ्ठ्या बिननावाच्या, अक्षराची चौकशी नाही. प्रत्येक मागणीला पुढच्या शुक्रवारी फळ्यावर उत्तर. चाचणी पुढे ढकलायला बाईंनी नकार दिला, पण कारण सांगून. मुलांनी थोडी कुरकुर केली आणि ऐकलं. कडी चार दिवसांत बसली.

मुलगी मात्र लगेच पाणी प्यायला लागली नाही. आईचा फोन आला, “आता तरी विचारू का?” मी म्हटलं, थांबा. तिसऱ्या आठवड्यात बाटली अर्धी रिकामी आली. आईने काही न विचारता ती धुऊन पालथी घातली.